कवट्या, वारी आणि तीन मुलं

१९२८ साली पुण्यातल्या कर्वे कुटुंबात एका गोष्टीवरून मतभेद झाला. मुंबई विद्यापीठाची एम.ए. झालेली बावीस वर्षांची सून पीएच.डी.साठी जर्मनीला जायचं म्हणत होती. नवरा दिनकर तिच्या बाजूने ठाम उभा होता. तो स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आला होता आणि बायकोनेही तिथेच पुढचं शिकावं असा त्याचा आग्रह होता. विरोध होता तो सासऱ्यांचा. आणि सासरे होते धोंडो केशव कर्वे. विधवेशी लग्न करून समाजाचा बहिष्कार सोसलेले, अनाथ बालिकाश्रम उभा करणारे, १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारे महर्षी. सून त्यांचं ऐकून थांबली नाही. जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन ती नोव्हेंबरमध्ये बर्लिनला निघाली. हे मेहता पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

ही सून म्हणजे इरावती कर्वे. मराठी वाचकाला त्या 'युगान्त'च्या लेखिका म्हणून माहीत असतात. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथामुळे. पुण्यातल्या जुन्या माणसांना स्कूटरवरून जाणारी उंच बाई म्हणून. पण मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं ते एका आईबद्दल लिहावं तसं. कारण तीन मुलांची ही आई कवट्या मोजत होती, महाभारत वाचत होती, वारीला पायी जात होती, धरणाखाली बुडालेल्या गावांची पाहणी करत होती, आणि या सगळ्यात तिचं आईपण कुठे बाजूला पडलेलं नव्हतं. उलट तिच्या लिखाणातल्या कितीतरी जागा आईच्या नजरेनेच पाहिलेल्या आहेत.

जन्म १५ डिसेंबर १९०५चा, ब्रह्मदेशातल्या मिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीचं नाव मुलीला ठेवलं. सात वर्षांची झाली तेव्हा तिला शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. सात वर्षांची मुलगी, आईवडील समुद्रापलीकडे. शाळेत तिची गट्टी जमली ती रँग्लर परांजप्यांच्या शकुंतलेशी, आणि त्या मैत्रीतून परांजप्यांचं घरच तिचं घर झालं. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, केंब्रिजचे गणिती आणि उघडपणे नास्तिक. घरात पुस्तकं होती, वाद होते, मोठ्यांशी बरोबरीने बोलायची मुभा होती. न्यायाधीश बालकराम यांचंही तिथे येणंजाणं होतं. त्यांच्यामुळे तिला माणसांच्या चालीरीतींच्या अभ्यासाची गोडी लागली. आईपासून दूर वाढलेल्या या मुलीला दुसरं कुटुंब मिळालं ते असं, रक्ताच्या नात्याबाहेर. पुढे जन्मभर त्यांनी नात्यांचाच अभ्यास केला. त्याचं मूळ हुजूरपागेच्या त्या वर्षांत असावं असं मला वाटतं.

१९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या. मग दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि मुंबईला गो. स. घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्र. १९२८च्या एम.ए.साठी त्यांनी विषय घेतला आपल्याच जातीचा, चित्पावन ब्राह्मणांचा. याच काळात दिनकर कर्व्यांशी लग्न झालं. एखाद्या संस्थानिकाच्या घरी मुलगी द्यावी असं वडिलांच्या मनात होतं. मुलगी पडली कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मास्तराच्या घरात, तेही बहिष्कार पचवलेल्या कर्व्यांच्या. वडील नाराज झाले, यात नवल नाही.

बर्लिनच्या दोन वर्षांवर जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे इरावतीबाईंच्या चरित्रात ती एका ओळीत उरकतात. दाहलेम भागातली कैसर विल्हेल्म संस्था १९२७ साली नुकतीच उघडली होती. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र, असा तिचा पसारा. संचालक होते ऑयगेन फिशर. त्यांची कीर्ती होती ती आफ्रिकेतल्या मिश्र वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासाने. वंशावंशांत वरचा-खालचा असा भेद निसर्गानेच ठेवला आहे आणि तो हाडांत मोजून दाखवता येतो, ही तिथली हवा. फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि नाझी राजवटीच्या कामात सामील झाले. पुढे युद्धाच्या काळात याच संस्थेत आउश्वित्सच्या छळछावणीतून मानवी अवयव तपासणीला येत होते. इरावतीबाई तिथे होत्या तेव्हा हे सारं व्हायचं होतं, पण त्याचं बीज त्या इमारतीत होतंच.

फिशरनी या विद्यार्थिनीला विषय दिला मानवी कवटीच्या असमानतेचा. प्रत्येकाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी थोडी कमी-जास्त असते. गोऱ्या माणसांच्या कवटीत ही असमानता विशिष्ट बाजूला जास्त असते आणि तिचा बुद्धीशी संबंध आहे, असा फिशर यांचा कयास. तो सिद्ध करून द्यायचा होता. संस्थेच्या संग्रहात युरोपातल्या कवट्या होत्या, तशाच वसाहतींमधून आणलेल्याही होत्या. कुणाच्या परवानगीवाचून, कबरींमधून उचललेल्या. पुण्याहून आलेल्या या तरुणीने त्या एकेक हातात घेऊन मोजल्या आणि निष्कर्ष काढला की वंशाचा आणि या असमानतेचा असा काही संबंध दिसत नाही. गुरूच्या कयासाविरुद्ध, गुरूच्याच संस्थेत, परक्या भाषेत. १९३०मध्ये डॉक्टरेट मिळाली. घरी परतण्याआधीच त्यांनी एक मोठी लढाई जिंकली होती. आपल्याकडे तिची फारशी कुणाला दखल नव्हती.

परत आल्यावर १९३१ ते १९३६ त्यांनी मुंबईत नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठात, म्हणजे सासऱ्यांनीच काढलेल्या विद्यापीठात, कुलसचिवाचं काम केलं. मुलं याच सुमारास झाली. १९३२मध्ये जाई, १९३६मध्ये आनंद, आणि बऱ्याच अंतराने १९४२मध्ये गौरी. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि इरावतीबाई तिथे समाजशास्त्राच्या रीडर झाल्या. तो विभाग त्यांनी अखेरपर्यंत चालवला. येरवड्याचा तो जुना दगडी परिसर, भाषाशास्त्रज्ञ, इतिहासकार, आणि उत्खननाची माती घेऊन येणारे हसमुख सांकलिया. सांकलियांच्या बरोबर त्या गुजरातेत लांघणजला गेल्या. तिथे अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे सापडले होते. त्यांच्या हाडांचा अभ्यास बर्लिनला कवट्या मोजून आलेल्या इरावतीबाईंकडे आला.

घर कसं चाललं असेल? हा प्रश्न आपण पुरुष विद्वानाबद्दल विचारत नाही हे खरं, पण इथे त्याचं उत्तर सांगण्यासारखं आहे. घर दिनकररावांनी चालवलं. फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे त्याच कॉलेजचे प्राचार्य असलेला हा माणूस बायकोच्या पर्समध्ये पैसे आहेत ना, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना, हे बघत असे. तिच्या मराठी लेखांची इंग्रजी भाषांतरं त्याने केली. वारीवरच्या लेखाचं त्याने केलेलं भाषांतर १९६२ साली अमेरिकेतल्या 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये छापून आलं आणि जगभरचे अभ्यासक आजही ते वाचतात. नवऱ्याला त्या 'दिनू' म्हणत. १९३०-४०च्या पुण्यात नवऱ्याचं नाव घेणं हेच अघटित, मग चारचौघांत हाक मारणं दूरच. त्या कुंकू लावत नसत, मंगळसूत्र घालत नसत. १९५२च्या सुमारास लँब्रेटा घेतली. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई त्याच, असं सांगतात. यातल्या कशाचाच त्यांनी झेंडा केला नाही. आपल्याला सोयीचं आणि खरं वाटेल तसं राहायचं, इतकंच. मुलांनी हे रोज पाहिलं. तेच त्यांचं शिक्षण.

आता 'परिपूर्ती'कडे येतो. १९४९ साली त्यांचा ललितलेखांचा पहिला संग्रह या नावाने आला. त्यातला नावाचा लेख मराठीत आईपणावर लिहिल्या गेलेल्या सर्वांत सुंदर लेखांपैकी एक आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन. प्रसंग साधा आहे. एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते: अमक्यांची कन्या, महर्षी कर्व्यांची सून, अमक्यांची पत्नी. ओळख लांबलचक, पण ऐकताना त्यांना वाटत राहतं की यात काहीतरी राहून गेलं आहे. काय राहिलं ते कळत नाही. मग घरी जाताना रस्त्यात पोरं खेळत असतात. त्यातला एक दुसऱ्याला हळूच दाखवतो की ती बघ, आपल्या वर्गातल्या मुलाची आई चालली. आणि बाईंना उमगतं की राहिलेलं ते हेच होतं. ओळख आता पूर्ण झाली.

हा लेख वाचून काहींनी त्यांना आईपणात रमलेली पारंपरिक बाई ठरवलं, तर काही आधुनिक वाचिका चिडल्या: एवढी विदुषी, आणि तिची परिपूर्ती मुलाच्या आईत? मला वाटतं दोघांनीही लेख अर्धाच वाचला. मुलगी, सून, बायको ही नाती सभेतल्या मोठ्या माणसांनी त्यांना दिली होती, पुरुषांच्या नावांवरून. आई ही ओळख दिली ती रस्त्यावरच्या एका पोराने. त्याच्या जगात महर्षी नव्हते, रँग्लर नव्हते, पीएच.डी. नव्हती. त्याला फक्त वर्गातला दोस्त आणि त्या दोस्ताची आई माहीत होती. नात्यांच्या अभ्यासकाला माणसाच्या ओळखीचं असं नवं टोक सापडावं, तेही घराच्या वाटेवर, यातला आनंद त्या लेखात आहे. शास्त्रज्ञ आणि आई तिथे एकाच देहात चालत घरी येतात.

नात्यांचा अभ्यास म्हणजे प्रत्यक्षात काय, हेही सांगायला हवं. भारतभर फिरून, वेगवेगळ्या भाषांत आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत नातेवाइकांना काय म्हणतात, कुणाशी लग्न चालतं, कुणाशी चालत नाही, लग्नानंतर मुलगी माहेराशी किती जोडलेली राहते, हे त्यांनी गोळा केलं. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' १९५३ साली प्रसिद्ध झालं. त्याचा बराचसा मजकूर त्यांनी १९५१-५२मध्ये लंडन विद्यापीठाच्या 'सोआस'मध्ये असताना लिहून काढला. देशाचे त्यांनी नात्यांच्या रचनेवरून चार भाग केले: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत लग्न गावाबाहेर, लांब, अनोळखी कुळात. सून सासरी जाते ती परकी म्हणूनच. दक्षिणेत मामेबहिणीशी, आतेबहिणीशी, काही ठिकाणी सख्ख्या भाचीशीही लग्न होतं. तिथे सासू बऱ्याचदा आधीच कुणीतरी आत्या नाहीतर आजी असते. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर. इथे बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते, आतेबहीण चालत नाही. एखाद्या सासुरवाशिणीला घरात पाऊल टाकताना भीती का वाटते किंवा का वाटत नाही, हे या नकाशावर समजतं. शास्त्रीय ग्रंथात बाईचं मन इतकं जवळून क्वचित दिसतं.

या कामासाठी त्या ज्या प्रवासांना गेल्या ते आजच्या संशोधकालाही कठीण वाटतील. बिहार, ओडिशा, केरळ, कुर्ग, मध्य प्रांतातली आदिवासी गावं. हातात शरीराची मापं घ्यायची उपकरणं, रक्ताचे नमुने घ्यायची साधनं, आणि मुक्काम मिळेल तिथे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या जातिजमातींच्या शरीरमापांचं पुस्तक १९५१ साली काढलं. या मोजमापांतून त्यांना एक गोष्ट दिसली आणि ती त्यांनी 'हिंदू सोसायटी' या १९६१च्या पुस्तकात ठामपणे मांडली. आपल्याकडची जातव्यवस्था ही एका समाजाचे तुकडे पडून झालेली नाही. वेगवेगळे, आधीपासूनचे गट एकमेकांशेजारी येऊन बसले आणि त्यांची ही रचना झाली. कुंभार म्हणून ज्यांना आपण एकच समजतो त्यांच्यातही एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेले गट आहेत. हे मत त्यांचे गुरू घुर्ये यांच्या मताच्या विरुद्ध जाणारं होतं. फिशर असोत की घुर्ये, पुरावा समोर दिसला की गुरूची भीड त्यांना कधी पडली नाही.

त्यांचं सगळंच मान्य होण्यासारखं आहे असं नाही. नाक, डोकं, उंची मोजून समाजाचा इतिहास शोधायची पद्धत आज शास्त्राने मागे टाकली आहे. बर्लिनमध्ये वंशभेदाचा कयास खोडून काढणाऱ्या इरावतीबाई स्वतः ती मापपट्टी मात्र बरीच वर्षं धरून बसल्या. किनशिपच्या ग्रंथावर लुई ड्यूमाँसारख्या फ्रेंच अभ्यासकाने कडक टीका केली. भारतीय संस्कृती म्हणताना त्यांच्या डोळ्यासमोर हिंदू समाजच आधी येई, हाही आक्षेप रास्त आहे. पण जगभरच्या त्या पिढीत भारतीय समाजाकडे इतक्या बाजूंनी, इतकं स्वतः चालत जाऊन पाहणारं माणूस मला दुसरं दिसत नाही.

चालत जाण्याचा उल्लेख आला म्हणून वारी. नास्तिक रँग्लरच्या घरात वाढलेली, कर्व्यांच्या सुधारक घरात नांदलेली ही बाई पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर पायी गेली. संशोधक म्हणून गेली, आणि मग संशोधक राहिली नाही. 'वाटचाल' या लेखात तिला बरोबरच्या बायाबापड्यांबद्दल वाटलेली ओढ आहे. तशीच एक जखमही आहे. एकाच दिंडीत एकाच देवाचं नाव घेणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसत होते. ते पाहून त्यांना झालेला त्रास त्यांनी लपवला नाही. पंढरपूरला जे लोक जातात त्यांचा देश तो महाराष्ट्र, अशा अर्थाची जी व्याख्या त्यांनी केली, ती या वाटेवर चालतानाच सुचलेली. इतिहासाच्या, भूगोलाच्या, भाषेच्या कुठल्याही व्याख्येपेक्षा ती मला जास्त खरी वाटते. विठ्ठलाबद्दल त्यांनी पुढे आणखी एक लेख लिहिला, 'बॉय-फ्रेंड?' नावाचा. या देवाशी असलेलं नातं त्यांनी तिथे उत्कट आणि मोकळ्या मैत्रीच्या भाषेत सांगितलं. त्या काळी साठीकडे झुकलेल्या प्राध्यापक बाईने विठोबाबद्दल असं लिहिणं, आणि पुण्यातल्या वाचकांनी ते प्रेमाने वाचणं, या दोन्हींचं मला कौतुक आहे.

सासऱ्यांवरही त्यांनी लिहिलं. 'आजोबा' हा लेख महर्षींच्या हयातीतच लिहिलेला. घरातली मुलं त्यांना ज्या नावाने हाक मारत त्याच नावाने. महाराष्ट्राने ज्याला देवत्व दिलं त्या माणसाला त्या घरातून पाहतात. ध्येयामागे लागलेला पुरुष घराला काय देतो आणि बायकोमुलांकडून काय घेतो, याचा हिशेब त्या मांडतात. आदर कमी करत नाहीत, पण एक डोळा कायम सासूवर असतो. बाया कर्व्यांनी, म्हणजे आनंदीबाईंनी, तुटपुंज्या पैशात घर ओढलं, स्वतः वर्गणी मागत फिरल्या आणि 'माझे पुराण'मध्ये ते जसंच्या तसं सांगितलं. इरावतीबाई या लेखात म्हणतात ते थोडक्यात असं: अशा माणसाची सून होता आलं हे माझं भाग्य, आणि बायको नव्हते हे त्याहून मोठं भाग्य. जर्मनीला जाऊ नको म्हणणाऱ्या सासऱ्याला सुनेने दिलेलं हे उत्तर वीसेक वर्षांनी आलं, आणि ते प्रेमाने भरलेलं आहे.

'युगान्त' १९६७ला पुस्तकरूपाने आलं आणि १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. मराठीत तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या लेखिका. भांडारकर संस्थेत १९१९पासून चाललेलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम नुकतंच पुरं झालं होतं. त्या शुद्ध केलेल्या पाठावर उभं राहून त्यांनी भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, कृष्ण एकेक उचलून पाहिले. पण मला या पुस्तकात दिसतात त्या आया. गांधारी, जिने डोळ्यांवर पट्टी बांधून शंभर मुलं वाढवली आणि एकाचंही तोंड पाहिलं नाही. कुंती, जिला बापाने लहानपणीच दुसऱ्याला देऊन टाकली. आयुष्यात आलेल्या प्रत्येक पुरुषाने तिला दुःखच दिलं. इरावतीबाई तिच्याविषयी कठोर होतात आणि तिच्यासाठी रडतातही. मुलं जिंकली, राज्य आलं, आणि तेव्हाच ही आई सगळं सोडून धृतराष्ट्र-गांधारीबरोबर वनात गेली. हे असं का, हा प्रश्न त्या धरून बसतात. द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांचं जे चित्र त्यांनी रंगवलं, भीम तिच्याकडे वळून तिला काय हवं ते विचारतो ते, ती आपली स्वतःची कल्पना आहे हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं. शास्त्रज्ञाची शिस्त आणि कथाकाराची मोकळीक त्यांनी एका पानावर ठेवली, पण मिसळू दिली नाही.

आणि खांडववन. अर्जुन-कृष्णांनी अग्नीला जंगल खायला दिलं, आतली जनावरं, पक्षी, नाग बाहेर पडू दिले नाहीत, आणि हे आपण पिढ्यानपिढ्या पराक्रम म्हणून ऐकत आलो. 'मयसभा' या लेखात इरावतीबाईंनी त्याला सरळ नरसंहार म्हणून पाहिलं. त्या जंगलात राहणाऱ्या माणसांच्या बाजूने पाहिलं. जे वाचले ते सूड धरून बसले आणि त्याच राखेवर उभ्या राहिलेल्या सभेत पुढचा अनर्थ घडला, ही त्यांची मांडणी. ज्या बाईने बर्लिनच्या कपाटांतल्या आफ्रिकी कवट्या हातात घेतल्या होत्या, तिलाच खांडवातल्या मेलेल्यांची मोजदाद सुचावी, हे मला योगायोग वाटत नाही.

शेवटच्या वर्षांत त्यांनी कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणी केली. बरोबर होती थोरली मुलगी जाई निंबकर. ती तोवर फलटणला स्थायिक होती आणि स्वतः लेखिका म्हणून घडत होती. शिवसागर जलाशयाखाली साताऱ्याच्या डोंगराळ भागातली गावं गेली होती आणि तिथली माणसं लांबलांबच्या गावठाणांत पांगली होती. काहींनी लांब जाण्यापेक्षा पाण्याच्या कडेने वर डोंगरात सरकणं पसंत केलं. सरकारी कागदात जमिनीचा मोबदला होता, भावकीचा नव्हता, सोयरिकीचा नव्हता. नात्यांच्या अभ्यासकाला तिथे काय पाहायचं हे कुणी सांगावं लागलं नाही. हे पुस्तक १९६९ साली आईच्या आणि मुलीच्या जोड नावाने प्रसिद्ध झालं. धरणग्रस्तांवर आपल्याकडे झालेल्या अगदी सुरुवातीच्या समाजशास्त्रीय पाहण्यांपैकी ती एक. आज कुठल्याही धरणाच्या, महामार्गाच्या वादात जे प्रश्न विचारले जातात त्यातले बरेचसे त्या पुस्तकात आधीच विचारलेले आहेत. ते पुस्तक मिळायला कठीण आहे आणि मराठीत ते सहज वाचता येईल असं नाही, याची मला खंत वाटते.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या. पासष्टावं वर्ष चालू होतं. आठवडी बाजारांवरचं त्यांचं काम त्याच वर्षी प्रसिद्ध झालं, आणि 'गंगाजल' हा लेखसंग्रह दोन वर्षांनी, १९७२मध्ये.

मुलांपैकी कुणीही आईची नक्कल केली नाही. जाईंनी इंग्रजीत आणि मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, आणि खेड्यातल्या घरात चुलीचा धूर कमी कसा होईल, शेतातल्या पाचटाचं इंधन कसं होईल यात आयुष्य घातलं. त्यांच्या संस्थेला २००२ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. गौरी देशपांडे यांनी इंग्रजीत कविता लिहिल्या आणि मग मराठी कथेत अशी बाई आणली जी प्रेमाचा, लग्नाचा, एकटेपणाचा हिशेब कुणाची परवानगी न घेता मांडते. शिवाय 'अरेबियन नाईट्स'चे सोळा खंड मराठीत आणले. नातवंडांत कुणी फलटणला शेळ्यामेंढ्यांच्या जातींवर काम करतं, कुणी शाळा चालवतं, कुणी चुलींचं वडिलांचं काम पुढे नेतं. गौरी देशपांड्यांची मुलगी ऊर्मिला देशपांडे हिने बर्लिनच्या काळावर संशोधन करणाऱ्या तियागो पिंटो बार्बोसा यांच्याबरोबर २०२४ साली आजीचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. घरात आजीला ज्या नावाने हाक मारत तेच त्या पुस्तकाचं नाव, 'इरू'. दाहलेमच्या त्या संस्थेतल्या कवट्यांचा आणि तिथून निघालेल्या निष्कर्षाचा सविस्तर वृत्तांत सामान्य वाचकापर्यंत प्रथमच पोहोचला, तो त्या पुस्तकामुळे.